थंडी पडली की कुंडीतली झाडं पिवळी पडतात, मान टाकतात? पाणी घालायच्या आधी हे तपासा

दिवाळी उरकली, तुळशीची लग्नं लागली, सकाळी गाडीच्या काचेवर दव दिसायला लागलं की आठ-पंधरा दिवसांत आमच्या बिल्डिंगमधलं कोणी ना कोणी कुंडी हातात घेऊन दारात उभं असतं. "ताई, हिला काय झालं बघा ना, दिवाळीत तर इतकी छान होती." गेली १५ वर्षं नाशिकला गंगापूर रोडला राहते आणि दर हिवाळ्यात हेच चालू आहे, झाड वेगळं, घर वेगळं पण दुखणं तेच. आणि जवळजवळ प्रत्येक वेळी त्या घरात झाड सुकतंय असं बघून आणखी पाणी घातलेलं असतं. म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवते, कारण यातली बरीच झाडं वाचतात, फक्त योग्य क्रमाने बघितलं पाहिजे.

आधी लक्षणं जुळतात का बघा

- खालची जुनी पानं पिवळी होऊन गळतात, शेंडा हिरवा दिसतो पण नवीन पान काही येत नाही
- झाडाने मान टाकलीये आणि माती मात्र ओली आहे (हे लक्षण असेल तर पाण्याचा मग खाली ठेवा आणि पुढचं वाचा)
- मातीवर हिरवं शेवाळ आलंय, कुंडी हलवली की बारीक काळी चिलटं उडतात
- अ‍ॅग्लोनिमा, सिंगोनियम, मनी प्लांट यांच्या पानांवर एका रात्रीत काळपट, तेल सांडल्यासारखे डाग
- जास्वंदीच्या कळ्या न उमलताच टपाटप गळतात
- पानांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे पुंजके, पानं चिकट लागतात
- गुलाबाच्या कोवळ्या पानांवर पांढरी भुकटी आणि पानं वाकडी होतात
- पानांची टोकं आणि कडा तपकिरी, कुरकुरीत

एका कुंडीत यातली दोन-तीन एकदम असू शकतात, त्याने घाबरू नका, कारण बहुतेक वेळा मूळ एकच असतं.

आणि हे दुखणं नाही, याला हात लावू नका

चाफ्याची पानं गळणं, अडेनियमची पानं गळणं, कढीपत्ता पिवळा पडून निम्मा रिकामा होणं, मोगऱ्याला कळी न येणं, हे सगळं थंडीत व्हायचंच. ती झाडं झोपलेली असतात. फेब्रुवारी संपत आला, ऊन तापायला लागलं की कढीपत्ता आपोआप कोंब काढतो. पण लोक काय करतात, पानं गळली म्हणून खत घालतात, खत घातलं म्हणून पाणी घालतात, आणि झोपलेल्या झाडाच्या मुळाशी महिनाभर चिखल राहतो. अडेनियमचं तर खास सांगते, पानं गेली तरी खालचा गड्डा दाबून बघा, बटाट्यासारखा टणक लागला तर झाड ठणठणीत आहे, बोट आत गेलं तर कुज लागलीये.

हे होतं कशामुळे

माझं माहेर निफाड तालुक्यातलं. थंडी आली की पेपरात निफाडचा पारा छापून येतो, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात घेतलेलं ते तापमान असतं आणि ते नाशिक शहरापेक्षा बहुतेक वेळा आणखी खाली असतं, कडाक्याच्या वर्षी ५ अंशांच्याही खाली जातं. लहानपणी अशा पहाटे वडील आणि काका द्राक्षबागेत जागोजागी शेकोट्या पेटवायचे, धूर बागेवर पसरून राहावा म्हणून. आणि बागायतदारांच्या तोंडी तेव्हा एकच वाक्य असायचं, "थंडीत मुळी चालत नाही." म्हणजे पांढरी मुळी, ती जी खरं पाणी आणि अन्न ओढते, ती गारठ्यात काम मंद करते. मण्यांची फुगवण थांबते ती त्यामुळेच.

कुंडीतही हेच होतं, उलट जास्तच होतं. जमिनीतल्या झाडाच्या मुळाभोवती चारी बाजूंनी माती असते, ती हळू गार होते. कुंडीच्या बाजूंना नुसती हवा, त्यामुळे रात्री ८-१० अंशांपर्यंत पारा उतरला की लहान कुंडीतली माती सकाळपर्यंत जवळपास तेवढीच गार. मुळी पाणी ओढत नाही, ऊन कोवळं म्हणून पानातून पाणी उडत नाही, दिवसही लहान. ऑक्टोबर हीटमध्ये जे पाणी एका दिवसात संपत होतं ते आता पाच-सहा दिवस तसंच बसून राहतं. मातीतल्या ज्या बारीक फटींमधून मुळांना हवा मिळते त्या फटी पाण्याने भरून जातात, मुळं गुदमरतात, मग बुरशी लागते आणि मुळं कुजतात. आणि कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत म्हणून झाड मान टाकतं, हुबेहूब तहानलेल्या झाडासारखं. माणूस फसतो तो इथेच. मीसुद्धा लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात आईने दिलेला मोगरा असाच घालवला, रोज सकाळी न चुकता तांब्याभर पाणी घालून. आईच्या हातचं रोप होतं ते, अजून वाईट वाटतं.

म्हणून माझं म्हणणं असं की नाशिकच्या थंडीत कुंडीतली झाडं थंडीने क्वचित मरतात, ऑक्टोबरच्या हिशोबाने घातलेल्या पाण्याने मरतात. पुढच्या तपासण्या त्याच क्रमाने लावल्यात, फुकटातल्या आधी.

१. बोट घाला (खर्च काही नाही)

वरची माती बघून ठरवू नका. थंडीत हवा कोरडी असते, वरचा अर्धा इंच लगेच सुकतो आणि पांढरट दिसतो, पण खाली ओलं असतं. तर्जनी दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला. आत गार आणि ओलं लागलं, बोटाला माती चिकटून आली तर पाणी नाही. मोठी खोल कुंडी असेल तर उदबत्तीची काडी किंवा लाकडी स्क्युअर खालपर्यंत खुपसून दहा मिनिटांनी काढा, कुठपर्यंत ओली झाली ते दिसतं.

दुसरी सवय म्हणजे कुंडी उचलून बघायची. पाणी घातल्यावर एकदा उचला आणि पूर्ण सुकल्यावर एकदा उचला, ते दोन वजनं हातात बसली की मग बोटही घालावं लागत नाही. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी आता नुसती कुंडी तिरकी करून सांगतात, "हिला आज नको."

वाराप्रमाणे पाणी घालू नका. सोमवार-गुरुवार असं ठरवून घालणाऱ्यांची झाडं सगळ्यात आधी जातात, कारण एकाच गॅलरीत मातीच्या कुंडीतली झेंडू-शेवंती तीन दिवसांत सुकते आणि शेजारची प्लास्टिकच्या कुंडीतली स्नेक प्लांट वीस दिवस ओली राहते.

२. कुंडीच्या खाली बघा

हे इतकं साधं आहे आणि इतक्या घरी निघतं. मागच्या जानेवारीत आमच्या खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी अ‍ॅग्लोनिमा आणला, लाल पानांचा, हॉलमध्ये टीव्हीच्या बाजूला छान चिनी मातीच्या पॉटमध्ये ठेवलेला. पानं एकेक करून लोळायला लागली होती. पॉटला खाली भोक नव्हतं, नर्सरीची प्लास्टिकची कुंडी तशीच आत बसवलेली. मी आतली कुंडी उचलली तर खाली चार बोटं काळपट पाणी, आणि कुजलेल्या अंड्यासारखा वास सगळ्या हॉलमध्ये. वहिनी आठवड्यातून दोनदाच पाणी घालत होत्या, म्हणजे त्यांच्या मते कमीच, पण त्यातलं एक थेंबही बाहेर जात नव्हतं.

ताटली असेल तर पाणी घातल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी ती रिकामी करायची. कुंडी तशीच फरशीवर टेकलेली असेल तर खाली विटेचे तीन तुकडे ठेवून अर्धा-एक इंच उचला, भोक मोकळं होतं आणि गार फरशीचा स्पर्शही तुटतो. भोकात बऱ्याचदा मुळं किंवा माती घट्ट बसलेली असते, स्क्रू ड्रायव्हरने हळूच मोकळं करा. एवढं करून काही झाडं आठ दिवसांत सावरतात.

३. पाण्याची वेळ आणि पाणी किती गार आहे

पहाटे सहाला पाणी घालायची बऱ्याच जणांना सवय, उन्हाळ्यात ती चांगलीच आहे. थंडीत मात्र गच्चीवरच्या टाकीतलं पाणी रात्रभर गारठलेलं असतं, हात घातला तरी झोंबतं, ते थेट मुळावर. सकाळी नऊ-साडेनऊनंतर, कुंडीवर ऊन आल्यावर घाला, आणि बादली तासभर उन्हात ठेवून घातलं तर उत्तम. संध्याकाळी तर अजिबात नको, पानं रात्रभर ओली राहतात आणि बुरशीला तेच हवं असतं.

इथे कोणीतरी मला हटकून विचारतं की द्राक्षवाले तर थंडीत पहाटेच ड्रिप सोडतात, मग? ते बरोबरच करतात, पण त्यांचं पाणी विहिरीचं किंवा बोअरचं असतं, जमिनीखालून येतं म्हणून पहाटेच्या हवेपेक्षा चांगलं कोमट असतं, त्याने मुळाजवळची जमीन ऊबदार राहते. टाकीतलं पाणी तसं नसतं.

४. ऊन कुठे गेलं ते शोधा

ही तपासणी लोक सोडून देतात. नाशिक साधारण २० अंश अक्षांशावर आहे. जूनमध्ये दुपारचा सूर्य डोक्यावर, किंचित उत्तरेलाच असतो, आणि डिसेंबरच्या शेवटी तो दक्षिणेला झुकून भर दुपारीसुद्धा जेमतेम ४६-४७ अंश वर येतो. याचा अर्थ उत्तरेच्या गॅलरीत मे-जूनमध्ये जे ऊन यायचं ते आता येतच नाही, आणि दक्षिणेच्या गॅलरीत ते पार आत घरात शिरतं. समोर नवीन टॉवर उभा राहिला असेल तर त्याची सावलीही हिवाळ्यात लांब पडते. मग झाड "त्याच जागी आहे, कधी काही झालं नाही" असं वाटतं पण त्याच्या वाट्याचं पाच तासांचं ऊन एका तासावर आलेलं असतं.

एक सुट्टीचा दिवस काढा, सकाळी ९, दुपारी १२ आणि ३ वाजता मोबाईलवर गॅलरीचा फोटो काढा. ज्या कुंडीवर तिन्ही फोटोंत सावली आहे आणि जी फुलझाडाची आहे (जास्वंद, गुलाब, तुळस, सदाफुली) ती हलवा. हळूहळू हलवा, सावलीतलं झाड एकदम दक्षिणेच्या कडक दुपारी नेलं तर पानं भाजतात.

५. रात्री झाड कुठे असतं

तेलकट काळे डाग हे थंडीच्या फटक्याचं लक्षण. अ‍ॅग्लोनिमा, सिंगोनियम, कॅलेथिया, डिफेनबेकिया ही उष्ण दमट जंगलातली मंडळी, १२-१३ अंशांच्या खाली त्यांची पानं आतून मार खातात. मखमलाबाद, गंगापूर, पाथर्डी या बाजूला जिथे अजून मोकळी शेतं, मळे आहेत तिथे पहाटे गावठाणापेक्षा गारठा जास्त जाणवतो, तर तिथल्यांनी जास्त जपायला हवं.

उपाय सोपा आहे. निरभ्र रात्री उघड्या आकाशाखालची वस्तू आपली ऊब वर आकाशाकडे सोडत गार होत जाते, स्लॅबखालची तेवढी होत नाही. म्हणून कुंडी गच्चीवरून उचलून गॅलरीच्या छताखाली, भिंतीला चिकटून ठेवली तरी फरक पडतो, दिवसभर तापलेली पश्चिमेची किंवा दक्षिणेची भिंत रात्री थोडी ऊब सोडते. कुंड्या एकमेकींना खेटून ठेवा, लहान मधे, मोठ्या बाहेर. जी हलत नाहीत त्यांच्यावर रात्री जुनी सुती साडी किंवा चादर टाका, चार काठ्या रोवून, आणि सकाळी ऊन आलं की काढा. प्लास्टिकचा कागद पानांना टेकवून घालू नका, आत पाणी साचतं आणि जिथे टेकतं तिथेच पान काळं पडतं.

घरात आणलं तर ठीक, पण फ्रीजच्या मागे गरम हवेच्या झोतात किंवा रात्री उघड्या राहणाऱ्या खिडकीत नको. डाग पडलेलं पान पुन्हा हिरवं होत नाही, ते पूर्ण मेलं तरच कापा, अर्धं हिरवं असेल तर राहू द्या, झाडाला तेवढंच अन्न मिळतं.

६. पान उलटून बघा

चष्मा लावा किंवा मोबाईलचा कॅमेरा झूम करा. कापसासारखे पुंजके म्हणजे मिलीबग, पिठ्या ढेकूण. दोन-चारच असतील तर कानात घालायच्या कापसाच्या काडीला सर्जिकल स्पिरिट लावून एकेक पुसून काढा. जास्त असतील तर आधी पाण्याच्या बारीक फवाऱ्याने धुवा, सकाळी, मग एक लिटर कोमट पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि १-२ मिली भांडी घासायचं लिक्विड नीट घुसळून फवारा, दर सात-आठ दिवसांनी तीनदा. एकदा फवारून सोडलं तर अंड्यातून निघालेली पिल्लं परत पसरतात. मुंग्या चढताना दिसल्या तर त्यांचाही बंदोबस्त करा, मिलीबगमधून जो गोड चिकटा निघतो त्यासाठी मुंग्या त्यांना सांभाळतात, एका झाडावरून दुसऱ्यावर नेतातही.

पानाखाली बारीक जाळी आणि वरून पान ठिपक्याठिपक्यांचं फिकट दिसत असेल तर कोळी ही बारीक कीड आहे, कोरड्या हवेत वाढतो, पानं खालून धुतली की निम्मा जातो.

गुलाबावरची पांढरी भुकटी म्हणजे भुरी. द्राक्षाच्या गावातल्या माणसाला हे नाव सांगायला नको. पण द्राक्षावरची भुरी आणि गुलाबावरची भुरी या वेगळ्या बुरशा, बागेतून ती तुमच्या गुलाबावर येत नाही. दिवस गरम, रात्र गार आणि दमट, झाडं दाटीवाटीने, असं असलं की येते. रोगट शेंडे कापून टाका, कुंड्यांमध्ये हवा खेळेल एवढं अंतर ठेवा, आणि पसरतच असेल तर पाण्यात मिसळणारं ८० टक्क्यांचं गंधक कृषी सेवा केंद्रात मिळतं, लिटरला २ ग्रॅम, सकाळी फवारायचं. निंबोळी तेल फवारलं असेल तर त्यानंतर किमान दोन आठवडे गंधक नको, पानं करपतात. या शहराला एके काळी गुलशनाबाद म्हणत, आणि थंडी हाच इथल्या गुलाबाचा खरा हंगाम आहे, तेव्हा या दिवसांत बाकीच्या झाडांना विश्रांती द्या पण गुलाबाला ऊन आणि लक्ष दोन्ही द्या.

७. खत थांबवा, आणि तुळशीपुढे काय काय ओतलंय ते आठवा

आजारी झाडाला खत म्हणजे ताप आलेल्या माणसाला पक्वान्न. मुळी चालत नाही तर ते क्षार मातीतच साठतात, कुंडीच्या काठावर पांढरी खपली दिसते, पानांची टोकं जळतात. ज्यांच्याकडे बोअरचं जड पाणी आहे त्यांच्याकडे ही खपली जास्त. वरची एक इंच माती खरवडून टाका, नवीन घाला. खत फेब्रुवारीत. (शेवंती, झेंडू, पिटुनिया, गुलाब ही थंडीत फुलणारी झाडं सोडून, त्यांना थोडं थोडं चालू ठेवा.)

तुळशीचं मुद्दाम लिहिते कारण तिच्यासाठी जीव तुटतो सगळ्यांचा. लग्नात वृंदावनात दूध, पंचामृत, हळद-कुंकू, तांदूळ, उसाचे तुकडे, सगळं मुळाशी जातं. दूध-साखरेने मातीत बुरशी आणि मुंग्या येतात, आणि ते नेमकं त्याच आठवड्यात जेव्हा थंडी सुरू होते. पूजा करा, मनापासून करा, पण पंचामृत ताम्हणात घ्या आणि मुळाशी एक पळी साधं पाणी. लग्न झालं की दुसऱ्या दिवशी वरचं सगळं उचलून घ्या. मंजिऱ्या खुडा, त्या ठेवल्या की बी धरण्यात झाडाची शक्ती जाते आणि झाड लवकर म्हातारं होतं. त्याच मंजिऱ्या वाळवून बी जपून ठेवा, मार्चमध्ये पेरा. तुळशीला १० अंशांखालची रात्र सोसत नाही, तेव्हा वृंदावन गच्चीवर असेल तर रात्री ओढणी पांघरायला लाजू नका, आमच्या आजेसासूबाई तर ते नेमाने करायच्या.

८. नखाने खरवडून बघा

इथपर्यंत सगळं केलं आणि दोन आठवड्यांत काहीच फरक नाही, तर झाड जिवंत आहे का ते बघायचं. फांदीच्या टोकाला नखाने साल किंचित खरवडा. आत हिरवं ओलसर असेल तर फांदी जिवंत. तपकिरी कोरडं असेल तर थोडं खाली सरकून पुन्हा, असं करत खोडापर्यंत. जिथे हिरवं लागेल तिथपर्यंत आशा आहे. वरून सुकत खाली आलं असेल तर बऱ्याचदा वाचतं. पण वर हिरवं आणि मातीलगत खोड काळं, मऊ असेल तर कुज खालून वर येतेय, मग वरचा निरोगी शेंडा कापून कटिंग लावून ठेवा, मूळ झाड जाईल पण वंश राहील. मनी प्लांट, कोलियस, तुळस, अ‍ॅग्लोनिमा यांचं कटिंग पाण्यातही मुळं धरतं, थंडीत वेळ मात्र दुप्पट लागतो.

९. कुंडीतून काढणं (सगळ्यात शेवटी)

हे पहिल्याच दिवशी करू नका. थंडीत मुळं दुखावली की भरून यायला फार वेळ लागतो, आणि मुळं चांगली असतील तर आपण उगाच घाव करतो. फक्त माती ओली + झाड मान टाकलेलं + वास, हे तिन्ही असेल तरच.

कुंडी आडवी करा, बाजूंनी थोपटा, झाड ओढू नका, मातीचा गोळा अख्खा सरकवून बाहेर घ्या. निरोगी मूळ पांढरं किंवा फिकट तपकिरी, दाबलं तर टणक. कुजलेलं मूळ दोन बोटांत धरून ओढलं की वरची साल मोज्यासारखी सुटून हातात येते आणि मागे नुसता दोरा राहतो. वहिनींच्या अ‍ॅग्लोनिमाचं तसंच झालं, निम्म्याहून जास्त मुळं अशी निघाली. स्पिरिटने पुसलेल्या कात्रीने सगळी काळी मुळं कापली, मुळं जेवढी गेली त्या मानाने खालची पानंही कमी केली (मुळं निम्मी आणि पानं पूर्ण, असा भार झाडाला पेलत नाही), लिटरला ३ ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड या बुरशीनाशकाच्या पाण्यात गोळा बुडवला आणि आधीपेक्षा लहान कुंडीत लावला. लहान कुंडी मुद्दाम, कारण थोड्या मुळांभोवती भरपूर माती म्हणजे पुन्हा पाणी साचणार. औषध हाताळताना हातमोजे घाला, आणि स्वयंपाकाचं भांडं वापरू नका.

मातीबद्दल. आपल्याकडे मळ्यातली काळी माती आणायची हौस असते, कसदार म्हणून. शेतात ती सोनं आहे, कुंडीत ती पाणी धरून बसते आणि सुकली की दगड होते, कडेने फट पडते आणि पाणी फटीतून सरळ खाली. तिचा चौथा हिस्साच घ्या, बाकी पोयटा, गांडूळखत आणि भाताचं तूस किंवा कोकोपीट. तूस इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूला भाताच्या गिरणीवर सहज मिळतं, माती भुसभुशीत राहते. आणि तळाला खडीचा जाड थर देऊ नका. निचरा वाढेल असं वाटतं पण बारीक मातीतलं पाणी मोठ्या खडीत सहजी उतरत नाही, ते मातीतच थराच्या वर अडून राहतं, म्हणजे ओला भाग मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर एक खापरी पुरे.

लावल्यावर पाणी अगदी हलकं, सावलीत उजेडाच्या जागी दहा-बारा दिवस, खत नाही. वहिनींच्या झाडाला पहिलं नवीन पान मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आलं, त्यांनी मला रात्री साडेदहाला फोटो पाठवला.

कुठे थांबायचं आणि कोणाला बोलवायचं

सगळी मुळं काळी आणि खोड मऊ असेल तर थांबा. औषधावर पैसे घालू नका. ती माती दुसऱ्या कुंडीत वापरू नका, कुंडी साबणाने धुऊन कडक उन्हात ठेवा.

तीन-चार वेगवेगळ्या कुंड्या एकाच आठवड्यात त्याच पद्धतीने जायला लागल्या आणि पाणी बरोबर आहे, तर अंदाज बंद करा. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं कृषी विज्ञान केंद्र आपल्याच शहरात, गोवर्धनला आहे, तिथल्या तज्ज्ञांना विचारा. ताजं आजारी पान, मुळाचा तुकडा आणि थोडी माती वेगवेगळ्या पिशव्यांत घेऊन जा, आणि किती पाणी, काय फवारलं ते कागदावर लिहून न्या, त्याशिवाय कोणालाच नीट सांगता येत नाही.

ओळखीच्या बागायतदाराकडून द्राक्षावरची कीडनाशकं आणून गॅलरीत फवारू नका. ती शेतासाठी, मोकळ्या हवेसाठी, ठरलेल्या मात्रेत असतात, गॅलरीत वास आणि अंश घरात शिरतो, खाली लेकरं खेळतात, शेजारी कपडे वाळत असतात. चुकून फवारलं आणि मळमळ, चक्कर, डोळ्यांत जळजळ असं काही झालं तर झाड सोडा, अंगावरचे कपडे बदला, साबणाने हातपाय धुवा आणि औषधाची बाटली सोबत घेऊन लगेच डॉक्टरकडे जा.

गच्चीवर कुंड्यांखालचा स्लॅब ओला राहतोय, खालच्या घराच्या छताला पोपडे येतायत, तर हा झाडाचा प्रश्न राहिला नाही, वॉटरप्रूफिंग करणाऱ्या जाणकाराला किंवा सिव्हिल इंजिनिअरला दाखवा. गॅलरीच्या बाहेर आलेल्या स्लॅबवर सिमेंटच्या मोठ्या कुंड्यांची रांग असेल तरीही त्याला विचारल्याशिवाय आणखी वाढवू नका, ओली माती खूप जड असते. आणि जुनं, मोठ्या ड्रममधलं झाड किंवा वर्षानुवर्षं जपलेलं बोन्साय असेल तर मुळं स्वतः उघडू नका, अनुभवी माळीकाकांना बोलवा, त्यांनाही जमलं तर फेब्रुवारीअखेरच काढायला सांगा.

आता थंडी वाढतेय. आज रात्री झोपायच्या आधी फक्त कुंड्यांखालच्या ताटल्या ओतून टाका आणि उद्या सकाळी पाणी न घालता बोट घालून बघा. ज्या कुंडीत शंका वाटेल तिचा पानाचा वरून एक, खालून एक आणि मातीचा एक असे तीन फोटो काढून ठेवा, पंधरा दिवसांनी परत काढा, झाड सावरतंय की खचतंय ते त्यात दिसेल.